पूर्वजांच्या नोंदींचा ताळमेळ

बँकेच्या शाखेत काही वर्षे काम केले की एक गोष्ट अंगवळणी पडते. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन वेगवेगळी रूपे दिसली तरी आपण दचकत नाही. पासबुकावर ‘गोविंद रामचंद्र’, निवृत्तिवेतनाच्या आदेशावर ‘जी. आर.’ आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘गोविंदराव’ असे आढळले, की आपण शांतपणे वारसांना ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र आणावयास सांगतो. जन्मतारखांचेही तसेच. महाराष्ट्रातल्या शाखांत काम करताना ज्येष्ठ खातेदारांपैकी कितीतरी जण १ जूनला जन्मलेले आढळतात. लखनौला बदली होऊन आल्यावर पाहतो तो इथली वडीलधारी मंडळी १ जुलैला जन्मलेली! त्या त्या प्रांतात ज्या सुमारास शाळा उघडत, त्या सुमारास गुरुजींनी मुलाकडे पाहून अंदाजाने वय ठरविले आणि रजिस्टरात तारीख लिहिली. ती तारीख पुढे नोकरीत, निवृत्तीत आणि अखेर आपल्या संगणकात येऊन बसली. ती खोटी आहे असे म्हणवत नाही, आणि खरी आहे असे तर मुळीच म्हणवत नाही. तो एका गुरुजींचा अंदाज आहे, एवढेच ठामपणे सांगता येते.

हयात खातेदाराच्या बाबतीत ही स्थिती, तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या पूर्वजाची काय कथा? अलीकडे आपल्या अनेक ग्राहकांना, विशेषतः निवृत्तीनंतर, घराण्याची वंशावळ जुळविण्याची आवड लागलेली दिसते. आवड उत्तम आहे. मात्र पहिले दोन-तीन कागद हाती येताच त्यांतील नोंदी एकमेकींशी भांडू लागतात आणि उत्साह मावळतो. अशा वेळी काय करावे, याचा विचार करण्यास लखनौइतके योग्य शहर दुसरे क्वचितच असेल. मराठी माणसाला हे शहर सहसा पंडित भातखंडे यांच्यामुळे माहीत असते. त्यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे स्थापन झालेले मॅरिस संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे, आणि ती आपल्या व्यवसायाला अधिक जवळची आहे. येथे आजही वंशावळीवर पैसे मिळतात.

या पैशाला ‘वसीका’ म्हणतात. वसीका म्हणजे लेखी करार. अवधचा नवाब गाजीउद्दीन हैदर याने १८२५ साली ईस्ट इंडिया कंपनीला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याजाचा दर सालिना पाच टक्के, आणि मुद्दल परत मागण्याची तरतूदच नाही. मुद्दल कंपनीकडे कायमचे राहावे आणि वर्षाला येणारे पाच लाख रुपये व्याज नवाबाने नेमून दिलेल्या माणसांना व त्यांच्या पश्चात ठरलेल्या रीतीने पुढे मिळत राहावे, अशी ती व्यवस्था होती. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने दोनदा वाचावे असे हे कर्ज आहे. ऋणको बुडाला, त्याच्या जागी ब्रिटिश सरकार आले, तेही गेले. परंतु व्याजाची ओळ खंडित झाली नाही. त्याच रकमेतील काही भाग इराकमधील नजफ व करबला येथील धर्मगुरूंकडे अनेक दशके जात असे. नवाब घराण्यातील इतरांनीही अशाच ठेवी ठेवल्या. हुसैनाबाद परिसरातील कार्यालयांतून आजही या वंशजांना वसीका मिळतो.

आता हे व्याज प्रत्येक पिढीत वारसांमध्ये विभागले गेले. भागाकार सतत चालू राहिला आणि भाज्य मात्र स्थिर राहिले. परिणामी काहींच्या वाट्याला आज महिन्याला दहा रुपयेही येत नाहीत. ते घ्यावयास येण्याचे रिक्षाभाडेच त्याहून अधिक होते. तरीही मंडळी येतात, कारण ती रक्कम त्यांच्या लेखी घराण्याचा दाखला आहे. नवा वारस नोंदवायचा, तर मृत वसीकादाराशी असलेले नाते कागदाने सिद्ध करावे लागते. अशा ठिकाणी दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर प्रश्न दहा रुपयांचा राहत नाही. तू आमचा की नव्हे, असा तो प्रश्न होतो.

हाच प्रश्न दिल्लीत एका विलक्षण रूपाने उभा राहिला होता. १९७०च्या दशकात विलायत महल नावाच्या एक बाई आपला मुलगा आणि मुलगी, नोकरचाकर, गालिचे आणि कुत्री यांच्यासह नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात येऊन राहिल्या. आपण अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांचे वंशज असून इंग्रजांनी १८५६ साली खालसा केलेली आमची मालमत्ता आम्हांला परत मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे मुक्काम केला. परदेशी वार्ताहर त्यांच्या मुलाखती घेत. अखेर १९८५ साली सरकारने त्यांना दिल्लीच्या टेकाडावरील जंगलात, फिरोजशाह तुघलकाच्या काळातील मालचा महाल ही पडकी शिकारगाह राहण्यास दिली. तेथे वीज नव्हती, पाण्याची सोय नव्हती. विलायत १९९३ साली वारल्या. पुढे मुलगीही गेली. आणि ‘राजपुत्र सायरस’ म्हणून ओळखला जाणारा मुलगा २०१७ साली त्याच महालात एकाकी अवस्थेत मरण पावला.

लखनौतील आणि कोलकात्यातील वाजिद अली शाहांच्या वंशजांनी हा दावा कधीच मान्य केला नव्हता. मात्र त्यांच्या नकाराला बाहेरच्या जगात वजन नव्हते. प्रतिस्पर्धी वारस नकारच देणार, असे लोक म्हणत. त्यात वाजिद अली शाहांच्या विवाहांची संख्या मोठी. १८५६ नंतर ते कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिले आणि १८८७ साली तेथेच वारले. बेगम हजरत महल मुलासह नेपाळात गेल्या आणि १८७९ साली काठमांडूत निवर्तल्या. इतक्या पांगलेल्या घराण्यात एखादी शाखा नोंदीतून निसटली असेल, ही शक्यता कुणालाही वाटावी अशीच होती.

उकल झाली ती वेगळ्याच कागदाने. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या वार्ताहर एलन बॅरी यांची सायरसशी ओळख झाली होती. त्याच्या मृत्यूनंतर महालात राहिलेल्या कागदांत त्यांना वेस्टर्न युनियनमार्फत नियमितपणे आलेल्या पैशांच्या पावत्या सापडल्या. पाठविणारा इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील होता. बॅरी तेथे पोहोचल्या, तेव्हा दार उघडले ते सायरसच्या थोरल्या भावाने. नोव्हेंबर २०१९मध्ये त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. विलायत या लखनौ विद्यापीठाच्या एकेकाळच्या कुलसचिवांच्या पत्नी होत्या, आडनाव बट, फाळणीनंतर कुटुंब पाकिस्तानात गेले, पुढे बाई मुलांना घेऊन भारतात परतल्या, आणि ‘राजपुत्र’ सायरसचे घरातले नाव मिकी होते. नवाबी वंशाचा पुरावा कुठेही नव्हता. फाळणीत गमावलेले घर आणि त्यातून ढळलेले मन यांचा पुरावा मात्र भरपूर होता.

मला या प्रकरणात फसवणुकीपेक्षा पुराव्याची जात महत्त्वाची वाटते. चाळीस वर्षे जे कागद जगापुढे मांडले गेले, ते सर्व दाव्यासाठी तयार केलेले अर्ज, निवेदने आणि मुलाखती होते. निर्णायक ठरली ती पैसे पोचल्याची पावती. ती कुणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेली नव्हती. पैसे पाठविणाऱ्याने नाव आणि पत्ता लिहिला, कारण त्याशिवाय पैसे जात नाहीत. वंशावळीच्या शोधातही हेच तारतम्य उपयोगी पडते. वतनाच्या वादात सादर केलेली वंशावळ आणि किराणा दुकानाच्या खतावणीत सहज आलेले नाव यांत विरोध असेल, तर मी आधी खतावणीकडे वळेन. पहिला कागद लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे होते. आपल्या इनाम कमिशनच्या काळात किती घराण्यांच्या वंशावळी एकाएकी लांबल्या असतील, हे वाचकांनीच ताडावे!

दुसरे तारतम्य आहे नोंदींच्या स्वतंत्रपणाचे. पाच ग्रंथांत एकच तारीख आढळली म्हणजे पाच पुरावे झाले, असे आपल्याला वाटते. पण चौघांनी पाचव्याची नक्कल केली असेल, तर पुरावा एकच. धनादेशाच्या पाच छायाप्रती आणल्या म्हणून पाच धनादेश वटत नाहीत. याचे उत्तम उदाहरण आपल्या सर्वांना पूज्य असलेल्या एका मराठी घराण्यातच आहे, आणि ते घडले आहे याच उत्तर प्रदेशात.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची जयंती १९ नोव्हेंबरला साजरी होते. वर्ष मात्र कुठे १८२८ लिहिलेले असते, तर कुठे १८३५. सात वर्षांचे हे अंतर लहान नाही. राणीसाहेबांचा विवाह १८४२ साली झाला, १८५१ साली त्यांना पुत्र झाला आणि तो चार महिन्यांचा होऊन गेला, १८५३च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले, आणि जून १८५८मध्ये ग्वाल्हेरजवळ राणीसाहेब धारातीर्थी पडल्या. एका हिशेबाने त्या वयाच्या तिसाव्या वर्षी गेल्या. दुसऱ्याने तेवीसही पुरी झाली नव्हती. विवाहाच्या वेळी त्या तेरा वर्षांच्या की साडेसहा वर्षांच्या, हे चित्रही त्यावरच अवलंबून आहे.

१८३५चा आधार स्पष्ट आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १७५७ ही तिथी दिली आहे. तेव्हा राणीसाहेबांना जाऊन छत्तीसच वर्षे झाली होती. त्यांचे दत्तकपुत्र दामोदरराव इंदूरला हयात होते. ते १९०६ साली वारले. १८२८च्या बाजूचा पुरावा वेगळ्या स्वरूपाचा आहे. जॉन लँग हे वकील १८५४ साली राणीसाहेबांना भेटले आणि १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी त्या भेटीचे वर्णन केले. त्यांना राणीसाहेबांच्या वकिलाने त्यांचे वय सव्वीस-सत्तावीस असल्याचे सांगितले होते. म्हणजे जन्म १८२७-२८च्या सुमारास. हा पुरावा समकालीन आहे, ही त्याची जमेची बाजू. पण तो ऐकीव आहे. शिवाय संस्थान वाचविण्यासाठी इंग्रज वकिलाची मदत मागताना, राज्यकारभार पाहण्यास समर्थ अशी प्रौढ राणी त्याच्यापुढे उभी करणे वकिलाला सोयीचे होते, हेही विसरता येत नाही.

आता पंचांग उघडू. कार्तिक वद्य चतुर्दशी म्हणजे अमावास्येच्या आदला दिवस. १८३५च्या नोव्हेंबरात अमावास्या २० तारखेला होती, म्हणून १९ तारखेला चतुर्दशी बरोबर बसते. पारसनिसांचे रूपांतर बिनचूक आहे. मग १८२८ साली १९ नोव्हेंबरला कोणती तिथी होती? त्या वर्षी अमावास्या नोव्हेंबरच्या ७ तारखेच्या सुमारास येऊन गेली होती. म्हणजे १९ नोव्हेंबरला शुद्ध पक्षातील द्वादशी-त्रयोदशीचा चंद्र आकाशात होता. त्या वर्षीची कार्तिक वद्य चतुर्दशी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. याचा अर्थ उघड आहे. ‘१९ नोव्हेंबर’ हा दिवस १८३५ या वर्षाशीच जन्मलेला आहे. ‘१९ नोव्हेंबर १८२८’ ही तारीख दोन वेगवेगळ्या नोंदींचे तुकडे जोडून झाली: दिवस एकीकडचा, वर्ष दुसरीकडचे.

यावरून राणीसाहेबांचा जन्म १८३५ सालीच झाला, असे मात्र सिद्ध होत नाही. पारसनिसांना मिळालेली तिथीच चुकीची असू शकते. सिद्ध होते ते इतकेच, की १८२८ हे वर्ष मानणाऱ्याने १९ नोव्हेंबर हा दिवस सोडावयास हवा, आणि १९ नोव्हेंबर मानणाऱ्याने १८३५ स्वीकारावयास हवे. आपल्या घरच्या वंशावळीतही अशा जोड-तारखा असतात. पूर्ण तारीख दिसली, दिवस-महिना-वर्ष सगळे जागेवर असले, की ती अधिक विश्वसनीय वाटते. माझा अनुभव उलट आहे. जुन्या माणसाची फार नेटकी तारीख दिसली, की ती कुणीतरी नंतर बसविलेली असण्याचा संशय घ्यावा. (राणीसाहेबांच्या मृत्यूचा दिवस लष्करी वृत्तांतांत १७ जून, तर ग्वाल्हेरच्या स्मरणदिनी १८ जून मानला जातो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

तिथींचा आणखी एक सापळा येथे सांगून ठेवतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचे नाव एकच, पण वद्य पक्षात उत्तरेचा महिना एकाने पुढे. आपला कार्तिक वद्य तो येथला मार्गशीर्ष कृष्ण. काशी-प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नोंद पुण्याच्या पंचांगाने वाचली, की एक महिन्याची चूक ठरलेली.

सनांचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे आहे. शकात ७८ मिळवावे, विक्रम संवतातून ५७ वजा करावे, पेशवेकालीन कागदांतील शुहूर सनात ५९९ मिळवावे, आणि वर्षारंभ जानेवारीत नसल्यामुळे शेवटच्या महिन्यांसाठी एकाचा फरक सांभाळावा, इतके बहुतेक हौशी संशोधकांना ठाऊक असते. फसली सनाने मात्र भलेभले चकतात. हा सन शेतसाऱ्यासाठी निघाला. उत्तरेत तो अकबराच्या राज्यारोहणाच्या हिजरी ९६३ या वर्षाशी जोडून सौरमानाने पुढे मोजला गेला. दक्षिणेत तो शाहजहानच्या काळात, हिजरी १०४६ च्या सुमारास सुरू झाला. मधल्या ऐंशी सौर वर्षांत चांद्र हिजरी सन सव्वादोन-अडीच वर्षे पुढे सरकला होता. त्यामुळे दक्षिणेचा फसली उत्तरेच्या फसलीपेक्षा दोन वर्षांनी पुढे आहे. उत्तरेत ५९२ मिळवायचे, दक्षिणेत ५९०. आकडा तोच, नाव तेच, आणि वर्षे दोन!

ही दोन वर्षे एका कुटुंबाच्या वाट्याला कशी आली, ते संबंधित ग्राहकांच्या अनुमतीने, नावगाव वगळून सांगतो. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत रीघ लागते. अशाच एका सकाळी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्या टेबलावरील नावाची पाटी वाचून थबकले आणि लखनवी अदबीच्या मराठीत म्हणाले, “साहेब, आपण तिकडचे दिसता. तशरीफ... म्हणजे, बसू का जरा?” त्यांचे पणजोबा सातारकडून येथे आले आणि अवध-रोहिलखंड रेल्वेच्या कचेरीत कारकून झाले. मलिहाबादच्या बाजूस त्यांनी लहानशी आमराई घेतली होती. ते ऐन तारुण्यात वारले. पणजी बाळंतपणासाठी माहेरी साताऱ्याला गेली होती, ती तिकडेच राहिली. मुलगा, म्हणजे आमच्या ग्राहकांचे आजोबा, मोठे होऊन पुन्हा लखनौला आले.

घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. त्यात पणजोबांचा मृत्यू १८९७-९८ साली दाखविलेला आहे. आधार म्हणून आमराईच्या दाखिल-खारिजची, म्हणजे आपल्याकडच्या फेरफाराची, नोंद दिली आहे: फसली १३०७. आणि आजोबांची जन्मपत्रिका घरात आहे. श्रावण शुद्ध, शके १८२१. म्हणजे ऑगस्ट १८९९. वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पिता निदान चौदा महिने आधी निवर्तलेला आणि मग पुत्राचा जन्म! छापील पानावर कुणी काही लिहिले नव्हते. पण साताऱ्याच्या शाखेत लग्नकार्याच्या वेळी लखनौकरांविषयी दबक्या आवाजात बोलले जाई, आणि ते त्यांच्या कानावर लहानपणापासून येत आले होते. “आजोबांना आम्ही कधी विचारलं नाही,” ते म्हणाले, “आणि आजी विषय निघाला की उठून आत जायची.”

त्यांनी कागदांची पिशवी सोबतच आणली होती. दाखिल-खारिजच्या नकलेवर ‘फसली’ हा शब्द पाहताच मी त्यांना विचारले, “काका, यात किती मिळवलेत?” उत्तर आले, “कुलवृत्तांतात पाचशे नव्वद मिळवलेत.” आमच्या शाखेत पीककर्जाच्या प्रकरणांसोबत खतौनीचे उतारे रोज येतात आणि प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर आजही फसली वर्ष असते. त्यामुळे इथल्या कोणत्याही शेती अधिकाऱ्याला ५९२ हा आकडा झोपेतही सांगता येईल. संपादकांचा कोष्टकाचा अभ्यास चोख होता. कोष्टक मात्र दक्षिणेचे होते आणि कागद अवधचा. फसली १३०७ म्हणजे येथील जुलै १८९९ ते जून १९००. दोन्ही नोंदी एका ओळीत उभ्या राहिल्या.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच एक शंका काढली, आणि ती अचूक होती. फेरफार मृत्यूनंतर कधीही होऊ शकतो. दोन वर्षे विलंबानेही होतो. मग या नोंदीने मृत्यू १८९९मध्ये झाला, हे कुठे ठरते? खरेच ठरत नाही. त्या नोंदीने फक्त मृत्यूची अखेरची मर्यादा कळते. विरोध गेला, पण रिकामी जागा उरली. अशा वेळी आणखी एक, पहिल्या दोन्हींशी संबंध नसलेली नोंद शोधावी लागते. पणजोबांचे धाकटे बंधू अस्थी घेऊन प्रयागला गेले होते, एवढे घरात माहीत होते. प्रयागच्या तीर्थोपाध्यायांकडे गावा-आडनावानुसार वह्या असतात आणि यात्रेकरू त्यांत स्वहस्ताक्षरात कुटुंबाची माहिती लिहून जातात. लखनौहून प्रयागराज दूर नाही. काका पुढच्याच महिन्यात गेले.

दोन दिवस शोधल्यावर पान सापडले. धाकट्या बंधूंची मोडी सही, थोरल्या बंधूंच्या अस्थी आणल्याची नोंद, मार्गशीर्ष कृष्ण पक्ष, संवत १९५६. आणि खाली कुटुंबाच्या यादीत ‘मृताचा पुत्र’ म्हणून तीन-साडेतीन महिन्यांच्या बाळाचे नाव. मार्गशीर्ष कृष्ण हा उत्तरेचा, म्हणजे आपला कार्तिक वद्य. १८९९च्या नोव्हेंबरचा उत्तरार्ध. बाळाच्या बारशाला तीन महिने होतात न होतात तोच वडील गेले होते. वही लिहिणाऱ्या त्या तरुणाला कुलवृत्तांत, आमराई किंवा पुढचे बोलणे यांतले काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पत्रिका, फेरफार आणि वही या तीन नोंदी तीन गावांत, तीन वेगवेगळ्या कारणांसाठी, तीन वेगवेगळ्या सनांत लिहिल्या गेल्या आणि तरीही एकमेकींना धरून आहेत. बँकेच्या भाषेत बोलायचे तर फरकाची रक्कम शून्य.

काकांनी त्यानंतर जे केले ते वंशावळीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने करण्याजोगे आहे. त्यांनी जुनी नोंद खोडली नाही. एका स्वतंत्र कागदावर चारही नोंदी मूळ शब्दांत, मूळ सनासह उतरवून घेतल्या; प्रत्येकीसमोर ती कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे मांडले; रूपांतर करताना कोणता आकडा मिळविला तेही लिहिले; आणि शेवटी आपला निष्कर्ष व त्यात अजून काय कच्चे आहे ते नोंदविले. मृत्यूची नेमकी तिथी आजही मिळालेली नाही. रेल्वेच्या सेवापुस्तकाचा शोध चालू आहे.

त्या कागदाच्या तीन प्रती निघाल्या. एक घरच्या पेटीत गेली. दुसरी साताऱ्याला कुलवृत्तांताचे काम पुढे चालविणाऱ्या चुलत बंधूंकडे रजिस्टर्ड टपालाने गेली. पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू, मात्र वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवावे, असे त्यांचे उत्तर आले आहे. तिसरी प्रत काकांनी आपल्या थोरल्या बहिणीला कानपूरला स्वतः नेऊन दिली. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून त्यांनी ती नातीकडून दोनदा वाचून घेतली आणि देवघरात, पणजीच्या टाकाशेजारी ठेवावयास सांगितली.